जुन्या शिडाच्या बोटीवर खोली, वारा आणि जीपीएस एकाच पडद्यावर आणताना

गेटवे ऑफ इंडियासमोर मूरिंगवर (समुद्रतळाशी पक्क्या बांधलेल्या बोयाला) असणारी आमची बोट अठ्ठावीस फुटी आहे, फायबरची, दीड मीटर पाणी लागणारी. तिघा मित्रांनी मिळून ती जुनी विकत घेतली. तिच्यावरची उपकरणंही जुनीच, पण धडधाकट. कॉकपिटमध्ये (बोट चालवायच्या उघड्या जागेत) खोली-वेगाचा एक आणि वाऱ्याचा एक असे दोन डिस्प्ले, आत चार्ट टेबलापाशी नकाशावर बोटीची जागा दाखवणारा जीपीएस प्लॉटर आणि एआयएसचे (जहाजं आपलं नाव, ठिकाण, वेग आपोआप कळवतात ते) संदेश पकडणारा व्हीएचएफ रेडिओ. अडचण अशी, की टिलर (सुकाणूचा दांडा) धरणाऱ्याला खोली दिसायची पण नकाशा दिसायचा नाही, आणि आत बसलेल्याला नकाशा दिसायचा पण खोली नाही. जेएनपीटीकडे निघालेलं कंटेनर जहाज कुठून आणि किती वेगानं येतंय, हे व्हीएचएफच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर वाचावं लागे. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी एकानं आतून ओरडून सांगायचं आणि बाहेरच्यानं वाऱ्यात जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर टिलर फिरवायचा, हे मला मनापासून नको झालं होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मोसम सुरू झाला तेव्हा ठरवलं, की सगळे आकडे कॉकपिटमधल्या एका टॅबलेटवर आणि बोटीवरच्या प्रत्येकाच्या फोनवर दिसले पाहिजेत. मे २०२४ मध्ये पावसाळ्यासाठी बोट वर काढली, तोवर ते साधलं होतं. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं नाही, नोकरी बँकेत. ज्यांना हेच करायचंय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहितोय.

सुरुवातीचे रविवार फक्त वायरी शोधण्यात गेले. पॅनल उघडायचं, फोटो काढायचा, वायर कुठून निघून कुठे जाते ते कागदावर काढायचं आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) उताणं पडून टॉर्च तोंडात धरून केलेलं हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पुढे जे जे अडलं ते या कागदामुळेच सुटलं. खाऱ्या हवेनं दोन-तीन जॉइंट हिरवे पडले होते, ते याच वेळी कापून नवे केले.

त्या कागदावरून कळलं, की बोटीवर तीन प्रकारची बोलणी चालू आहेत. खोली-वेग आणि वारा हे दोन डिस्प्ले सीटॉक नावाच्या जुन्या पद्धतीनं एकमेकांना जोडलेले. त्यात तीनच वायरी असतात: लाल म्हणजे बारा व्होल्ट, पिवळी म्हणजे डेटा आणि उरलेली जाळीची म्हणजे ग्राउंड. जीपीएस प्लॉटर एनएमईए ०१८३ बोलतो. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशननं १९८३ साली आणलेली ही पद्धत आजही बहुतेक बोटींवर सापडते. यात माहिती साध्या मजकुराच्या ओळींनी जाते, सेकंदाला ४८०० बिट्स. एक उपकरण बोलतं आणि बाकीची ऐकतात. वायरींच्या एका जोडीवर दोघांनी बोललेलं चालत नाही. व्हीएचएफमधून येणारा एआयएसही ०१८३ च, पण त्याचा वेग ३८४००. म्हणजे जीपीएस आणि एआयएस एकाच वायरीत घालता येत नाहीत. त्यासाठी मध्ये दोघांचं ऐकून घेणारं काहीतरी लागतं.

नव्या बोटींवर एनएमईए २००० असतं. मोटारगाड्यांत असते तीच कॅन पद्धत, सेकंदाला अडीच लाख बिट्स, बोटभर फिरणारी एक मुख्य केबल आणि तिला टी लावून जोडलेली उपकरणं. तुमच्याकडे ते असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर आहे ना, एवढं बघा. वीज बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मल्टीमीटर लावला तर साठच्या आसपास आकडा आला पाहिजे. एकशेवीस आला तर एक टर्मिनेटर नाही. चाळीस आला तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

आम्हीही सगळं काढून एनएमईए २००० चं नवं घ्यायचा विचार केला. विक्रेत्याचा अंदाज अडीच लाखांच्या पुढे गेला, आणि त्यात बोट वर काढून नवा ट्रान्सड्यूसर (खोली मोजणारा, बोटीच्या तळाचा सेन्सर) बसवायचा खर्च धरलेला नव्हता. धडधाकट उपकरणं फेकून देणं तिघांनाही पटलं नाही. मग मार्ग ठरला तो असा: रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक मध्ये ठेवायचा, तिन्ही ठिकाणची माहिती त्यात आणायची आणि त्याच्याच वायफायवरून सगळ्यांना वाटायची. वेगवेगळ्या उपकरणांची माहिती एका जागी आणून वाटणारं, त्यावर चालणारं सिग्नल के हे सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे, नकाशासाठीचं ओपनसीपीएनही तसंच. दोन्ही एकत्र बसवून देणारं ओपनप्लॉटरही मोफत मिळतं.

सीटॉकचं भाषांतर करणारा एक तयार डबा मी दिवाळीच्या आधी परदेशातून मागवला. त्यात वायफायही होतं, म्हणून तोच निवडला होता. कुरियरवाल्यांनी केवायसीसाठी आधार आणि पॅन मागितलं, ते लगेच दिलं. मग ईमेल आला, की वस्तूत रेडिओ आहे, तेव्हा डब्ल्यूपीसीचं ईटीए प्रमाणपत्र जोडा. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या वस्तू भारतात आणायच्या तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची ही उपकरण-मान्यता लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो आणि त्याला उत्पादकाकडचे चाचणी अहवाल जोडावे लागतात. एका डब्यासाठी ते अहवाल मला कोण देणार? उत्पादकाला दोनदा लिहिलं, उत्तर नम्र होतं पण नकाराचं. पार्सल परत गेलं, वस्तूचे पैसे मिळाले, जाण्यायेण्याचं भाडं गेलं. दिवाळी त्या ट्रॅकिंगच्या पानाकडे बघण्यात गेली आणि फार हिरमुसायला झालं. म्हणून सांगतो: बाहेरून मागवायचं असेल तर वायफाय, ब्लूटूथ नसलेलं, नुसतं यूएसबीचं मॉडेल बघा. वायफाय रास्पबेरी पायमध्ये असतंच. आणि ड्युटी, आयजीएसटी, वाहतूक हे सगळं धरून वस्तू मूळ किमतीच्या दीडपट पडेल असं समजूनच पुढे जा.

नोव्हेंबरच्या शेवटी लॅमिंग्टन रोड गाठला. सीटॉकची पिवळी वायर बारा व्होल्टवर चालते आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टवर. सरळ जोडलं तर पाय जळेल. मध्ये ऑप्टोकप्लर लावला की काम होतं: एका बाजूला दिवा लागतो, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश वाचला जातो, दोन्हींत विजेचा संबंध येत नाही. ऑप्टोकप्लर, दोन-तीन रेझिस्टर आणि छोटा पीसीबी, सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कशात लावणार?" बोटीवर म्हटल्यावर त्यांनी हातातलं वायरीचं बंडल मागे ठेवलं. "मग ही नका नेऊ साहेब. नुसतं तांबं आहे, एका पावसाळ्यात आतून काळं पडेल. टिन केलेली घ्या, थोडी महाग आहे." त्यांनी दिलेली वायर आज कापून बघितली तरी आत पांढरी चकचकीत आहे.

पाय मी मॉडेल ४ घेतला. मॉडेल ५ तेव्हा नुकतंच आलं होतं, पण पिनेवरून सीटॉक वाचण्यासाठी सिग्नल के तेव्हा ज्या पिगपीआयओ लायब्ररीवर अवलंबून होतं ती त्यावर चालत नव्हती. तुम्हाला सीटॉक नको असेल तर हा प्रश्न येत नाही. जीपीएस आणि एआयएससाठी दोन यूएसबी कन्व्हर्टर घेतले, आरएस-४२२ चे (ए आणि बी अशा दोन डेटा वायरींवर चालणारे) आणि आयसोलेटेड (दोन्ही बाजूंत विजेचा संबंध न येऊ देणारे).

बोटीवर जाण्याआधी सगळं घरी जेवणाच्या टेबलावर मांडलं. प्लॉटर काढून आणला, खिडकीत ठेवला आणि लॅपटॉपवर त्याच्या ओळी बघत बसलो. हे प्रत्येकानं करावं असं मला वाटतं, कारण या ओळी वाचता येतात. डॉलरच्या चिन्हानं सुरुवात, मग दोन अक्षरं कोण बोलतंय त्याची, तीन अक्षरं काय बोलतंय त्याची. जीपीआरएमसी म्हणजे जीपीएसकडून आलेली वेळ, ठिकाण, वेग आणि तारीख. एसडीडीबीटी म्हणजे खोली. डब्ल्यूआयएमडब्ल्यूव्ही म्हणजे वारा. एआयएसची ओळ उद्गारचिन्हानं सुरू होते. शेवटी ताऱ्यानंतर दोन अंक किंवा अक्षरं असतात, ओळ वाटेत बिघडली का ते तपासायला. ओळींऐवजी नुसता कचरा दिसला तर आधी वेग बघा, मग ए आणि बी या वायरींची अदलाबदल करून बघा. आमच्या जुन्या प्लॉटरला बी नव्हतीच, एक डेटाची आणि एक ग्राउंड. तिथे कन्व्हर्टरची बी ग्राउंडला जोडल्यावर ओळी धडाधड यायला लागल्या. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. तिनं पडद्यावर आमच्या घराचे अक्षांश-रेखांश ओळखले, तेव्हा या कामात पहिल्यांदा धीर आला.

डिसेंबरच्या सुरुवातीला सगळं बोटीवर बसवलं. झाकणाला रबराची कड असलेला डबा, प्रत्येक वायर ग्लँडमधून (पाणी आत न येऊ देणाऱ्या तोंडातून) खालच्या बाजूनं आत, प्रत्येक टोकाला क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, धातूचा लग. डबा होकायंत्रापासून लांब ठेवला. पाय साधारण अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर बारा अँपिअर-अवर जातात. आमच्या सोलर पॅनलला ते झेपतं, पण तुमच्या बॅटरीचा हिशेब आधी मांडा.

मग १६ डिसेंबरचा शनिवार आला. आदल्या संध्याकाळी मांडव्याजवळ नांगर टाकून राहिलो होतो. बोटीची राखण करणारे कोळी काका बरोबर होते, मूळचे रेवसचे. सकाळी नऊच्या सुमारास मी त्यांना कौतुकानं टॅबलेट दाखवला: नकाशावर बोट, खाली खोली, बाजूला वारा, कोपऱ्यात भरती-ओहोटीचा आलेख. काकांनी आलेखावर बोट ठेवलं. "ह्ये काय सांगतंय दादा? आत्ता भरती?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आज चौथ हाय. पाणी तीनला भरंल. आत्ता सुकती चाललीय, नांगराचा दोर बघ."

सुकती म्हणजे ओहोटी. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चौथ म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. आमच्याकडच्या छापील तक्त्यातही भरती दुपारीच होती. म्हणजे पडदा भरती म्हणत होता तेव्हा पाणी जवळजवळ तळाला गेलं होतं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. दीड मीटर पाणी लागणाऱ्या बोटीनं अशा आलेखावर विसंबून खाडीत शिरायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं पोटात गोळा आला.

कच्च्या ओळी उघडल्या. प्लॉटरच्या आरएमसी ओळीत वेळ बरोबर, ठिकाण बरोबर, आणि तारखेच्या जागी ०१०५०४. एक मे २००४. जीपीएसचे उपग्रह आठवड्यांचा जो आकडा पाठवतात तो दहा बिटांचा असतो. १०२३ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. असा शेवटचा फेरा एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाला. जुन्या रिसीव्हरला हे कळत नाही, तो स्वतःला १०२४ आठवडे मागे समजतो. १६ डिसेंबर २०२३ मधून १०२४ आठवडे वजा केले की बरोबर एक मे २००४ चा शनिवार येतो. त्या दिवशी तिथी द्वादशीच्या आसपास होती, आणि बाराची पाऊणपट नऊ. पडद्याचं गणित चुकलं नव्हतं, त्याला दिवसच चुकीचा मिळाला होता. प्लॉटरच्या स्वतःच्या पडद्यावर तारीख कुठेच दिसत नाही, त्यामुळे इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पायला स्वतःचं घड्याळ नाही, समुद्रावर इंटरनेट नाही, म्हणून त्यानं वेळ प्लॉटरकडून घेतली आणि ती सगळ्यांना वाटली.

उपाय स्वस्तात झाला. यूएसबीचा नवा जीपीएस अठराशे रुपयांना, आणि पायवर बसवायचं बॅटरीचं घड्याळ, डीएस३२३१, अडीचशेला. सिग्नल केमध्ये कोणत्या स्रोताला प्राधान्य द्यायचं ते ठरवता येतं. तिथे नवा जीपीएस पहिला आणि जुना प्लॉटर दुसरा लावला, तोही फक्त ठिकाणासाठी. तारीख-वेळ त्याच्याकडून घ्यायचीच नाही. तुमच्या बोटीवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा जीपीएस असेल, तर दुसरं काही जोडायच्या आधी त्याच्या आरएमसी ओळीतली तारीख वाचा. मी यापुढे कुणाच्याही बोटीवर गेलो तर पहिलं हेच बघेन.

जानेवारीत वेगळीच तक्रार. टॅबलेटवर नकाशा छान दिसायचा, पण जहाजंच कमी. पूर्वी खांदेरी बेटाच्या पलीकडची जहाजं व्हीएचएफला कळायची, आता जेमतेम बंदरातली. कनेक्शन, वेग, अँटेना सगळं तपासलं, सगळं ठीक. शेवटी एका नौकानयन करणाऱ्या निवृत्त रेडिओ अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, "चॅनल १६ लावा, स्क्वेल्च पूर्ण उघडा आणि तुमचा डबा चालू-बंद करत ऐका." स्क्वेल्च म्हणजे रेडिओतली खरखर दाबणारं बटण. तसं केलं. डबा बंद असताना साधी खरखर, चालू केला की तिच्यावर एक जाड गुणगुण चढायची. बारा व्होल्टचे पाच करणारा तीनशे रुपयांचा बक कन्व्हर्टर व्हीएचएफच्या पट्ट्यात गोंगाट करत होता. एआयएस त्याच पट्ट्यात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे दूरच्या जहाजांचे क्षीण संदेश त्यात बुडत होते. आणि एआयएसपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे संकटात वापरायचा रेडिओच त्यामुळे बहिरा झाला होता. धातूच्या आवरणाचा, आयसोलेटेड, नऊ ते छत्तीस व्होल्ट घेणारा कन्व्हर्टर साडेतीन हजारांना आणला, वायरींवर गोंगाट अडवणारे फेराइटचे कडे चढवले, डबा अँटेनाच्या केबलपासून दूर सरकवला. गुणगुण गेली, खांदेरीपलीकडची जहाजं परत आली. याच कन्व्हर्टरनं आणखी एक दुखणं गेलं. इंजिन सुरू करताना बॅटरीचं व्होल्टेज खाली जाऊन पाय मध्येच बंद पडायचा, ते थांबलं. काही नवं बसवलं की ही स्क्वेल्चची चाचणी करा. तिला पैसे लागत नाहीत.

फेब्रुवारीत माझा आणि मित्राचा खोलीवरून वाद झाला. कॉकपिटच्या जुन्या डिस्प्लेवर १.९, टॅबलेटवर २.३, त्याच क्षणी. खोली तीन तऱ्हांनी सांगता येते: पाण्याच्या पृष्ठभागापासून, ट्रान्सड्यूसरपासून किंवा कीलच्या, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या भागाच्या, तळापासून. आधीच्या मालकानं डिस्प्लेत कुठलातरी ऑफसेट (मोजलेल्या आकड्यात मिळवायचा किंवा वजा करायचा ठरावीक फरक) घातला होता आणि टॅबलेटवरच्या ॲपमध्ये आणखी वेगळा होता. तिसऱ्यानं फोनवर बघितलं तर तिथे १.२. हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. आकडा एकाच जागी दिसत होता तेव्हा ज्याला तो माहीत होता त्याला त्याचा अर्थही माहीत होता. चौघांच्या हातात दिला की चौघांना तो एकाच अर्थानं कळला पाहिजे, नाहीतर न दिलेला बरा.

काकांनी दोरीला शिशाचं वजन बांधलं, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारली आणि शांत पाण्यात बोटीच्या कडेनं सोडलं. दोरी २.७ सांगत होती. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली चाळीस सेंटिमीटरवर बसवलेला आहे, हे बोट वर असताना मोजलेलं होतं. मग जुन्या डिस्प्लेचा ऑफसेट शून्यावर आणला, तो २.३ दाखवायला लागला, म्हणजे सेन्सर बरोबर. सगळे ऑफसेट ॲपमधून काढले आणि एकाच जागी, सिग्नल केमध्ये, चाळीस सेंटिमीटर मिळवले. जुना डिस्प्लेही पृष्ठभागापासूनचं सांगेल असा लावला, पण पायकडे येणारा आकडा मात्र ट्रान्सड्यूसरपासूनचाच राहतो हे आधी खातरजमा करून. आता सगळीकडे पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दिसते. दोरीशी जुळते, नकाशावरच्या आकड्यात भरतीची उंची मिळवली की त्याच्याशीही जुळते. तसं लिहिलेली पट्टी टॅबलेटच्या कडेला चिकटवली आहे. वाऱ्याचंही असंच बघून घ्या: सिग्नल के कोन रेडियनमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये ठेवतं. डेटा ब्राउझरमध्ये ०.७८५ दिसलं तर ते पंचेचाळीस अंश आहेत. ॲप ते बदलून दाखवतं.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. वायफायचा आणि सिग्नल केचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, मूरिंगवर शेजारच्या बोटी हाकेच्या अंतरावर असतात. ओपनसीपीएनला माहिती १०११० या पोर्टवरून मिळते, ब्राउझरला ३००० वरून. अँड्रॉइड फोन "या वायफायवर इंटरनेट नाही" म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि आकडे गोठतात. जोडलेलं राहू द्या, असं एकदा सांगून ठेवावं लागतं. आकडा गोठला आहे की खरंच बदलत नाही हे कळण्यासाठी, पाच सेकंद नवा आकडा आला नाही तर तिथे रेघ दिसेल असं लावा. ॲप जीपीएसच्या ओळी परत पायकडे पाठवत असेल तर ते बंद करा, नाहीतर तीच माहिती गोल गोल फिरते. एप्रिल-मेच्या उन्हात टॅबलेट तापून स्वतःला बंद करतो, त्याला स्प्रेहूडच्या (कॉकपिटपुढच्या कापडी छताच्या) सावलीतच ठेवा.

टिलर पायलट, म्हणजे टिलर आपोआप फिरवणारं यंत्र, मी या जाळ्यात घेतला नाही. तो पूर्वीसारखा थेट प्लॉटरला जोडलेला आहे. माहिती सगळ्यांनी वाचावी, सुकाणूला हुकूम मात्र या डब्यातून जाऊ नये, हे माझं मत आहे आणि दोघा मित्रांनाही ते पटलं. तसेच जुने डिस्प्लेही जागच्या जागी आहेत. ऑप्टोकप्लर नुसता ऐकतो. डब्याचा फ्यूज काढला तरी खोली आणि वारा पूर्वीसारखे दिसत राहतात. हे आम्ही दर फेरीच्या आधी खरोखर फ्यूज काढून बघतो.

मार्चमध्ये पहाटे मतलई वाऱ्यावर निघून मुरुडला गेलो. बंदराच्या चॅनलजवळ एक टँकर आमच्या मागून येत होता. टिलरवरच्या मित्राला तो टॅबलेटवर नावासकट दिसला, किती मिनिटांनी किती जवळून जाईल तेही दिसलं, आणि त्यानं कुणाला हाक न मारता वेळेत बाजू दिली. खांदेरीनंतर मात्र काकांनी त्याला टॅबलेटवरची नजर काढायला लावली. जाळ्यांचे बांबू आणि त्यांवरच्या फडक्या एआयएसवर दिसत नाहीत, पुष्कळ लहान होड्याही दिसत नाहीत. रात्री तर टॅबलेटचा प्रकाश डोळ्यांना दिपवतो, तो अगदी मंद करा किंवा पालथा ठेवा.

खर्चाचं विचाराल तर पाय आणि कार्ड सव्वासात हजार, दोन आयसोलेटेड यूएसबी कन्व्हर्टर साडेतीन हजार, विजेचा कन्व्हर्टर आणखी साडेतीन हजार, जीपीएस, घड्याळ आणि ऑप्टोकप्लर मिळून सव्वादोन हजार, डबा-वायर-लग-फ्यूज चार हजार, वापरलेला टॅबलेट आठ हजार. एकूण साडेअठ्ठावीस हजारांच्या घरात. परत गेलेल्या पार्सलचं भाडं आणि बदललेला बक कन्व्हर्टर यात धरलेला नाही.

मेमध्ये बोट वर काढायच्या आधी कार्डाची प्रत काढली, एक लॅपटॉपवर आणि एक दुसऱ्या कार्डावर. डबा घरी आणला, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद केला. बोटीवर राहिलेल्या टोकांना ग्रीस लावून वर टेप गुंडाळला. वायरींचा तो पहिला कागद सुधारून, लॅमिनेट करून पॅनलच्या दाराच्या आतून लावला आहे, म्हणजे मी नसताना कुणालाही काय कुठे जातं ते कळेल.

एक काम राहिलं आहे. आत्ता आम्हाला जहाजं दिसतात, पण आम्ही त्यांना एआयएसवर दिसत नाही. त्यासाठी क्लास बी ट्रान्सपॉन्डर (आपली माहिती एआयएसवर पाठवणारं लहान बोटींचं उपकरण) लागतो, आणि त्यात भरायला नऊ अंकी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख-क्रमांक. भारतीय बोटींचा हा क्रमांक ४१९ नं सुरू होतो. वायरलेस परवान्यात ट्रान्सपॉन्डरची भर घालण्यासाठी सरल संचारवर अर्ज केला आहे, सोबत बोटीच्या नोंदणीची कागदपत्रं आणि उपकरणाची माहिती: कंपनी, मॉडेल, किती वॅटचं. बोटीचं नाव नोंदणीत जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहा. अर्ज अजून प्रक्रियेत आहे. ट्रान्सपॉन्डर आम्ही क्रमांक हातात आल्यावरच घेणार आहोत. त्याची केबल जायची जागा डब्यात मोकळी ठेवली आहे, एक ग्लँड आणि एक यूएसबी पोर्ट.